एक धागा अबोलीचा

“हा लाल नाही,” ती म्हणाली.

दादाने रेशमाची लडी उन्हात धरली. नाशकाच्या सराफ बाजारात आमच्या ओट्यावर सकाळी तिरपं ऊन यायचं. त्या उन्हात रेशीम खोटं बोलत नाही, असं आमचे वडील म्हणत.

“बाई, हा लाल नाही तर काय हिरवा आहे?”

“लाल आहे. पण...” ती शब्द शोधत राहिली. “एकटा लाल आहे. ओरडते.”

बोरमाळ गाठवून घ्यायला आलेला एक माणूस पायरीवर बसला होता, तो खो खो हसला. “ऐका! रेशीम ओरडतंय म्हणे. दादा, कानात बोटं घाला.”

मी आतल्या खोलीत चुलीपाशी होते. रिठ्याच्या पाण्यात कच्चं रेशीम उकळत होतं आणि मी काठीने ते वरखाली करत होते. मला हसू आलं नाही. ती काय म्हणतेय ते मला पुरतं कळलं होतं.

“त्यात डाळिंबी घालावी लागेल,” मी आतूनच म्हणाले. “आणि एखादा धागा अबोलीचा. म्हणजे गप्प होईल तो.”

वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सुपातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. आमच्या वहिनीने न बोलणं ही साधी गोष्ट नव्हे. तिचा आवाज असा, की तिने आमच्या दारात शेंगदाण्याचा भाव विचारला तर तो गोदेपलीकडे पंचवटीत कळावा. मी काठी पुन्हा पाण्यात बुडवली.

“कोण बोलली?” बाहेरून ती चिनी बाई विचारत होती. “आत कोण आहे? ती मुलगी मला पाहिजे.”

आम्ही पटवेकरी. सोनाराने दागिना घडवायचा, आम्ही तो रेशमात गाठवायचा. पायाच्या अंगठ्याला धागा ताणून वडील बसत, तसाच दादा बसे, आणि लग्नाआधी मीही बसे. रंग मिळवणं माझ्याकडे होतं. ते आईकडून आलेलं. आई लड्या पिंजत बसली की तिच्या तोंडी एक ओवी असायची:

डाळिंबी गं रेशमात, एक धागा अबोलीचा
भरल्या घरात जसा, एक कोना एकलीचा

लहानपणी मला वाटे, ही रंगाची कृती आहे. मीठ किती, हळद किती, तसं.

मग माझं लग्न झालं, सिन्नरला गेले, नवरा तापाने गेला आणि मी परत आले. आल्यावर काही दिवसांनी ओट्यावर बसून एकीचं मंगळसूत्राचं डोरलं गाठवायला घेतलं. त्या बाईने ते माझ्या हातातून काढून घेतलं. रागाने नव्हे. कुणाच्या हातून तान्हं मूल निसटेल असं वाटलं की आपण घेतो ना, तसं जपून. संध्याकाळी दादा म्हणाला, “लोक बोलतात गं द्वारके. तू आपली आतलं बघ.”

आतलं म्हणजे उकळणं, धुणं, वाळवणं. रंग चढायच्या आधीपर्यंतचं रेशीम तेवढं माझं. ते पांढरंफटक झालं की दादा येऊन घेऊन जायचा, आणि पुढे ते लाल झालं की पिवळं, हे मला दाराच्या फटीतून दिसायचं.

ती बाई म्हणजे चिनी दंतवैद्य डॉक्टर तान यांची बायको. तांबट आळीच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता. पाटीवर गुलाबी हिरड्या आणि पांढरेशुभ्र दात रंगवलेले, एवढे मोठे की आळीतली पोरं त्यांना भीत. ही मंडळी कलकत्त्याहून येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. चीनशी लढाई झाली आणि दवाखान्यात जाणारं माणूस कमी झालं. दात दुखला तर लोक लवंग धरून बसत, पण तिकडे जात नसत. पुढे डॉक्टर कलकत्त्याला भावाकडे गेले. बाई इथेच राहिल्या, दवाखाना सांभाळत. गेल्या दिवाळीत त्याही महिनाभर तिकडे जाऊन आल्या होत्या. आल्या त्या एकट्याच.

“जाऊ दे तिला,” दादा वहिनीला म्हणाला. “कागदाची, रेशमाची फुलं करतात त्या. आपल्यातलं थोडंच आहे ते? हिचाही जीव रमेल.”

“ती नटवी!” वहिनी म्हणाली. “नवरा तिकडे कलकत्त्याला, आणि हिच्या कानामागे रोज ताजं फूल. नळावर येते ती सुद्धा फूल लावून. तिच्या नादाने ही काय शिकणार आहे?”

“रंग,” दादा म्हणाला. तो माझ्या बाजूने एवढंच बोलू शकत असे, पण तेवढं बोलला.

दवाखान्याच्या मागे त्यांची राहायची खोली. जाताना दवाखान्यातून जावं लागे. तिथे ती उंच खुर्ची होती, लोकांना मान मागे करून बसवायची. तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर घातलेली होती आणि कडा खुर्चीखाली नीट खोचलेल्या होत्या.

कानामागचं फूल मी त्या दिवशी जवळून पाहिलं. मोगऱ्यापेक्षा जरा मोठं, पांढरं, आणि ताजं नव्हतंच ते. रेशमाचं होतं. पण त्यावर अशी लव होती की हात लावला तर दव लागेल.

“हे तुम्ही केलंत?”

“हो. पांढरं सोपं आहे,” तानबाई म्हणाल्या. “लाल कठीण.”

त्यांनी मला चटईवर बसवलं आणि काम दाखवलं. न पिळलेल्या रेशमाचे झुबके बांबूच्या आडव्या दांडीला शेजारीशेजारी बांधायचे. खाली ताणून धरायचं आणि केसांच्या ब्रशाने विंचरत राहायचं, ते धुक्याएवढं विरळ होईपर्यंत. मग त्या धुक्यावर दोन्ही बाजूंनी तांब्याची बारीक तार धरायची आणि टोकं पिळायची. कात्रीने पट्टी कापून घ्यायची. दोन लाकडी फळ्यांमध्ये ती तार घोळवली की रेशीम चहूकडे उभं राहतं आणि हातात एक केसाळ सुरवंट येतो. त्याला कात्रीने टोक काढायचं, चिमट्याने वाकवायचं. असे सुरवंट एकत्र बांधले की एक पाकळी, आणि पाकळ्या बांधल्या की फूल.

“कुठलं फूल करायचं?”

त्यांनी त्यांच्याकडच्या एका फुलाचं नाव सांगितलं. माझ्या जिभेला ते जमलं नाही. चित्र दाखवलं. गुलाबाची थोरली बहीण म्हणावी असं भरदार फूल, आतून गडद आणि कडेला जाता जाता फिकं. कुठे गडद संपतं आणि कुठे फिकं सुरू होतं, ते सांगता येऊ नये असं.

मी कुसुंबी लावला, मग डाळिंबी, अबोली, आणि कडेला मोतिया. विंचरून पहिला सुरवंट केला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. “ठेव तिथे,” म्हणाल्या. बांबूच्या चिमट्याने उचलला, खिडकीकडे नेला.

“सांधा दिसतो.”

खरंच दिसत होता. लाल संपून अबोली सुरू होतो तिथे, भाकरी मोडावी तशी रेघ.

दुसरा केला. “सांधा.” तिसरा केला. त्यांनी नुसतं डोकं हलवलं. मला राग आला, आणि राग येण्यासारखं काही आपल्या हातात आहे याचं इतकं बरं वाटलं, की मी दुसऱ्या दिवशी बोलावल्याआधीच गेले.

मुलीच्या लग्नासाठी आहे हे फूल, ते मला त्या दुसऱ्या दिवशी कळलं. मुलगी कलकत्त्याला काकांकडे होती. “डोक्यावर लावायचं,” तानबाईंनी हातांनी दाखवलं. “मधे मोठं. इकडे लहान, तिकडे लहान. नवरी.”

माझा हात ब्रशावरच थांबला.

काय बोलणार होते मी? बोलायचं ते माझ्या कपाळावर लिहिलेलंच होतं. कुंकू नाही, हातात काकण नाही, काठ नसलेलं लुगडं. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर ते वाचत असे. यांनाच तेवढं वाचता येत नव्हतं. आणि वाचता आलं असतं तर हे लाल माझ्या हातातून त्या डोरल्यासारखं जपून काढून घेतलं गेलं असतं. मी मान खाली घातली आणि विंचरू लागले.

“तुझं लग्न कधी?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“का?”

“काळे मणी नाहीत.” स्वतःच्या गळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. “लग्न झालं की इथे काळे मणी. मला माहीत आहे.” एवढं कळतं आपल्याला, अशा ऐटीत त्या हसल्या. “तुला पण मी फूल करणार. तुझा लाल वेगळा. माझी मुलगी गोरी, तिला हा. तू सावळी, तुला जरा विटेचा. माझ्याकडे आहे ठेवलेला.”

“बघू,” मी म्हणाले.

घरी गेल्यावर आडोशाला उभी राहून मी विटेचा लाल कसा दिसेल ते डोळ्यांपुढे आणलं. मग चूल पेटवली.

काही दिवस असे गेले की मला ते आठवताना रंगच आठवतात. सकाळचं घरकाम उरकून मी जायची, दिवेलागणीच्या आत परतायची. तानबाई तार मऊ करायला निखाऱ्यावर धरत, कात्रीला धार लावत, पांढरं आणि हिरवं रेशीम स्वतः विंचरत. पण लाल आलं की हात मागे. एकदा माझ्या मांडीवरून लाल झुबका घरंगळून त्यांच्या पायाशी गेला, तर त्या पटकन उठून उभ्याच राहिल्या. मला वाटलं, हाताला घाम येत असेल, डाग पडेल म्हणून जपतात. कारागीर माणसं विक्षिप्त असतात. आमचे वडील काम करताना कुणाला शिंकू देत नसत.

घाई मात्र फार. रोज विचारायच्या, “अजून किती?”

हे मी घरी सहज बोलले असेन, तर वहिनी म्हणाली, “कागदी फुलांना कसली मेली घाई? सुकायची आहेत का ती?” ती फुलं नवरीची आहेत हे मी सांगितलं नव्हतं.

सांधा जाईना. एके दुपारी मी दमून दांडीला टेकले आणि मनातल्या मनात आईची ओवी सुरू झाली. डाळिंबी गं रेशमात, एक धागा अबोलीचा. आणि माझ्या लक्षात आलं की आई अबोली कडेला म्हणतच नव्हती. रेशमात म्हणत होती. भरल्या डाळिंबीच्या ऐन मध्यात.

मी सगळं सोडलं आणि नव्याने बांधलं. गडद लालाच्या अगदी पोटात, जिथे अबोलीचं काही काम नाही तिथे, एकच बारीक धागा अबोलीचा घातला. विंचरला तसा तो दिसेनासा झाला. सुरवंट केला, टोक काढलं, खाली ठेवला. डोळ्याला तो धागा आधीच भेटला होता, ओळख झाली होती. म्हणून पुढे खरा अबोली आला तेव्हा दचकायला झालं नाही. सांधा गेला होता.

तानबाई चिमट्यात धरून खिडकीपाशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

“तू काय म्हणत होती? तोंड हलत होतं.”

मी ओवी म्हणून दाखवली. दुसरी ओळ त्यांना समजेना. “म्हणजे असं,” मी सांगितलं, “घर माणसांनी भरलेलं असतं. तरी त्यात एक कोपरा एकट्या बाईचा असतो.”

“हो,” त्या म्हणाल्या. “असतो.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि चहा करायला उठल्या. पाठमोऱ्या त्यांच्या कानामागचं ते पांढरं फूल मला दिसत राहिलं. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? नवरा शेकडो कोस लांब असेना, आहे ना कुठेतरी. फूल लावायची मुभा आहे.

फूल पुरं होत आलं त्या दिवशी वहिनी आली.

तिच्या माहेरचे पाहुणे अचानक आले होते आणि मला बोलवायला ती स्वतः निघाली होती. दवाखान्यातून तिची हाक आली, “द्वारके!” आणि चटईवरची कात्री जणू हलली. मग ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. चटईभर लाल पसरलं होतं.

“हे काय आहे?”

“फुलं,” मी म्हणाले.

“ते दिसतंय मला. कशाची?”

तानबाई लगबगीने उठल्या. त्यांच्या घरी शेजारची बाई अशी कधी आलीच नव्हती. “ये, ये. बस ना. माझी मुलगी. लग्न. हे तिचं. चहा करते.”

“लग्नाचं?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. भीती होती. “अहो बाई, तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. उद्या पोरीचं काही वाकडंतिकडं झालं तर बोल आमच्यावर येईल. हिचे हात लग्नाच्या कामाला चालत नाहीत.”

“चालतात,” तानबाई म्हणाल्या. “फार चांगले चालतात.”

“तसं नव्हे हो. हिचा नवरा वारला.” तानबाईंना तो शब्द कळला नाही हे पाहून वहिनीने डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाली, “मेला. दोन वर्षं झाली.”

माझ्या मांडीवर शेवटची पाकळी होती. मी ती चटईवर ठेवली. हात पुसले. उठायचं तेवढं बाकी होतं.

तानबाईंनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग माझ्या केसांकडे. केसांकडे बराच वेळ.

“मग तुझं फूल कुठे आहे?”

“कसलं फूल?”

“पांढरं. तुझा माणूस मेला. फूल कुठे?”

“अहो, ती कसं लावेल फूल?” वहिनी म्हणाली. “नवरा गेल्यावर कुणी फूल माळतं होय?”

“नाही लावलं तर लोकांना कसं कळणार?” तानबाईंना खरोखरच समजत नव्हतं. त्या वहिनीला समजावून सांगू लागल्या, जसं मला पहिल्या दिवशी काम सांगितलं तसं, हातांनी. “आमच्यात माणूस मेला की बायको इथे पांढरं फूल लावते. रस्त्याने जाते. लोक बघतात. ओळखत नाहीत, तरी बघतात. मग तिच्याशी हळू बोलतात. भाजीवाला पण हळू बोलतो.”

त्यांचा हात आपल्या कानामागे गेला.

“मी रोज लावते. बाजारात जाते, नळावर जाते. दिवाळीपासून. कोणी हळू बोलत नाही.”

बाहेर आळीत तांबटांचे हातोडे चालू होते. वहिनीने दाराची चौकट धरली.

“डॉक्टर...?” तिने विचारलं.

“दिवाळीत. कलकत्त्याला. इथे,” तानबाईंनी छातीवर तळवा ठेवला. “मी पोचली, तेव्हा झालं होतं.”

वहिनी चौकटीतून हळूहळू खाली बसली, उंबऱ्यावरच. आमच्यात उंबऱ्यावर कुणी बसत नाही.

तानबाई मात्र आता वहिनीकडे बघत नव्हत्या. त्या चटईवरच्या लालाकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. “मी लाल धरत नाही,” त्या म्हणाल्या. “मी पांढरी आहे. मुलीला वाईट लागेल. म्हणून तू. मला वाटलं, लग्न नाही झालं, तुझा हात कोरा.” मग थांबून, “आता?”

ते ‘आता’ त्या कुणाला विचारत होत्या कोण जाणे. मी म्हणाले, “टाकून द्या हे. दादा करून देईल दुसरं. मी त्याला सांगते कुठला धागा कुठे तो.”

“दिवस नाहीत. आमच्यात बाप गेला तर शंभर दिवसांच्या आत लग्न. नाहीतर तीन वर्षं बसायचं. मुलगा तीन वर्षं थांबत नाही.”

“आमच्यातही तसंच,” उंबऱ्यावरून वहिनी म्हणाली. “वर्षाच्या आत उरकतात. नाहीतर तीन वर्षं.” आणि आपण का बोललो, असं वाटून गप्प झाली.

तानबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचं कुंकू पाहिलं की नाही सांगता येत नाही, पण काळे मणी पाहिले. “तुझा नवरा आहे. तू शेवटचं बांध.”

“मी?”

“एक पाकळी. बस.”

वहिनी आली. चटईवर टेकली. मी फूल तिच्या एका हातात दिलं, पाकळी दुसऱ्या हातात, आणि बांधायचा धागा तिच्या बोटाला गुंडाळून दिला. जन्मभर पटवेकऱ्याच्या घरात राहिलेली बाई ती, पण तिने कधी धागा धरला नव्हता. तिचं राज्य चुलीपाशी. तिने श्वास रोखला, एक वेढा दिला. पाकळी कलली. दुसरा दिला, तर शेजारची लव चेपली गेली.

“अगं बाई! मोडेन मी हे,” ती म्हणाली. “भाकरी थापणारे हात माझे. नको, नको, एवढं सुंदर झालंय आणि...” तिने फूल पुढे केलं. तिला ते माझ्याकडे द्यायचं होतं. पण अर्ध्या वाटेत तिला आठवलं आणि हात तसाच मधे राहिला, न इकडे न तिकडे.

तेव्हा तानबाईंनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि ते फूल घेतलं.

चिमट्याने नाही. हातांनी. ओंजळीत धरलं आणि अंगठा पाकळ्यांवरून फिरवत नेला, आतल्या गडदापासून कडेच्या मोतियापर्यंत. त्यांचा अंगठा कुठेच अडला नाही.

“माझ्या मुलीला माहीत आहे, आई पांढरी आहे,” त्या म्हणाल्या. “तरी तिला आई पाहिजे.”

मग फूल माझ्या मांडीवर ठेवलं. “बांध.”

मी शेवटची पाकळी बांधली. वहिनीने अडवलं नाही. जी लव चेपली होती ती मी ओल्या बोटाने उभी केली.

तानबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांच्या हत्यारांचा खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पांढरं फूल होतं, कोरं, त्यांच्या कानामागच्यासारखंच. माझी मान खाली वळवून त्यांनी तार माझ्या अंबाड्यात खोचली.

“दोन वर्षं उशीर झाला,” मी म्हणाले.

“उशीर चालतो.”

दोन वर्षांत माझ्या केसांना असं काही टोचलं नव्हतं. सिन्नरला माझं कुंकू पुसलं तेव्हा बायका रडत होत्या आणि मी त्यांच्या रडण्याकडे बघत बसले होते. ते तेव्हाचं रडू त्या चटईवर आलं. तानबाई उरलेलं लाल रेशीम गोळा करत राहिल्या, आपल्या हातांनी.

त्यानंतर चार दिवसांत त्या पेटी घेऊन कलकत्त्याच्या गाडीत बसल्या, आणि परत आल्या नाहीत. दवाखान्याला कुलूप राहिलं. पुढे तिथे कुणी सायकलवाला आला आणि पाटीवरच्या दातांवर त्याने निळा रंग मारला; पावसाळ्यात रंग धुतला गेला की दात पुन्हा दिसत. मुलीने ते फूल लग्नात घातलं का, तिला ते शोभलं का, मला कधी कळलं नाही. आता माझे केस त्या पांढऱ्या फुलासारखे झाले आहेत. विटेचा लाल कसा असतो ते मात्र मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची परत येतानाची वाट.

आम्ही दोघी तांबट आळीतून निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळ होता आणि संध्याकाळचं पाणी आलेलं. हंडे, कळश्या, बायका. वहिनी थांबली. माझ्याकडे वळली आणि तिचा हात माझ्या अंबाड्याकडे आला. मी उभी राहिले. आता ती ते ओढून काढणार, हे मी धरूनच चालले होते.

तिने माझा पदर उचलला आणि डोक्यावरून पुढे घेतला, कपाळापर्यंत. फूल चेपू नये म्हणून मागे जरा सैल सोडला. टोक खांद्याशी नीट खोचलं.

“एवढी गल्ली ओलांडू दे,” ती म्हणाली.

नळावर कुणीतरी विचारलं, “काय गं, नणंद-भावजय कुठून?” वहिनीने नुसती मान हलवली. आम्ही पुढे झालो. पदराखाली ते फूल होतं, आणि मी पाऊल टाकलं की त्याची तार केसांत हलायची.

“कडू घास कुणी दिला नसेल त्या बाईला,” वहिनी म्हणाली. “माणूस गेल्यावर घरात दुसऱ्याच्या हातचं अन्न यावं लागतं. पाहुण्यांचं आटोपलं की पिठलं टाकते, भाकऱ्या करते. तू नेऊन देशील?” मग चार पावलं गेल्यावर, “नको. दोघी जाऊ.”

मी हो म्हणाले. ती आणखीही काही म्हणाली, माझ्याबद्दल, सिन्नरबद्दल, त्या वेळी आपण काही विचारलं नाही त्याबद्दल. आमच्या वहिनीचा आवाज पंचवटीपर्यंत पोचायचा. त्या संध्याकाळी तिच्या अगदी शेजारून चालत असून मला तिचा एकेक शब्द कान देऊन ऐकावा लागत होता.